सेमिनरीत एक, पुलपिटावर दुसरेच

संडे स्कूलमध्ये बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय शिकवणाऱ्या बाईंना दर वर्षी एक प्रश्न हमखास येतो. सूर्य, चंद्र, तारे देवाने चौथ्या दिवशी केले. मग त्याआधीच्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कशी झाली? पाठोपाठ दुसरा येतो. आदाम, हव्वा, काइन आणि मारला गेलेला हाबेल एवढीच माणसे जगात होती, तर काइनाला बायको कुठून मिळाली? बाई म्हणतात, 'देवाला सारे शक्य आहे', आणि नोहाच्या तारवाचे चित्र रंगवायला देतात. मुलांना उत्तर मिळत नाही. हा प्रश्न चर्चच्या आवारात विचारायचा नसतो, एवढे मात्र पक्के कळते.

बाईंचा यात काही दोष नाही. हा प्रश्न जवळपास ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिगेनने तो जवळजवळ याच शब्दांत विचारला होता. सूर्य-चंद्र-ताऱ्यांवाचून पहिला, दुसरा, तिसरा दिवस झाला, आणि पहिल्या दिवशी तर आकाशही नव्हते, हे कोणता शहाणा माणूस मानेल? देवाने एखाद्या शेतकऱ्यासारखी पूर्वेकडे बाग लावली, त्यात दातांनी चावून खाता येईल असे जीवनाचे झाड लावले, संध्याकाळी तो त्या बागेत फिरायला आला आणि आदाम झाडाआड लपला, हे सारे खोल अर्थ सांगणारे रूपक आहे याबद्दल कुणाला शंका असू नये, असे त्याने लिहिले. हा माणूस कोमट श्रद्धेचा नव्हता. सम्राट डेसियसच्या काळातल्या छळात त्याने तुरुंगात हालहाल सोसले, पण ख्रिस्ताला नाकारले नाही.

ओरिगेनची काही मते पुढे चर्चने अमान्य केली, म्हणून हवे तर त्याला बाजूला ठेवू. ऑगस्टीनला बाजूला ठेवता येत नाही. हिप्पोचा हा बिशप उत्पत्तीच्या पहिल्या तीन अध्यायांशी आयुष्यभर झुंजला. एकदा लिहायला घेतले आणि अर्धवट सोडले, पुन्हा घेतले, आणि शेवटी बारा भागांचे भाष्य पुरे करायला त्याला पंधराएक वर्षे लागली. त्यात तो म्हणतो की देवाने सर्व एकदमच निर्माण केले. सहा दिवस ही घड्याळाची मोजणी नव्हे. त्याच भाष्यात एक इशारा आहे, तो आजच्या प्रत्येक पाळकाने आणि धर्मगुरूने टेबलाच्या काचेखाली ठेवावा असा आहे. पृथ्वी, आकाश, ग्रहताऱ्यांची गती यांचे ज्ञान ख्रिस्ती नसलेल्या माणसालाही बुद्धीने आणि अनुभवाने मिळते. त्याच्यासमोर एखादा ख्रिस्ती बायबलच्या नावाने काहीबाही बरळला, तर पुनरुत्थानाबद्दल आणि सार्वकालिक जीवनाबद्दल तो आपले का म्हणून ऐकेल?

आता हेही सांगितले पाहिजे की सगळे जुने आचार्य या मताचे नव्हते. कैसरियाच्या बेसिलने सृष्टीच्या सहा दिवसांवर प्रवचने दिली, त्यात त्याने रूपके शोधणाऱ्यांची चेष्टा केली: मी गवत वाचतो तेव्हा मला गवतच समजते. ऑगस्टीनही आदामाला खराखुरा माणूस मानत होता. म्हणजे मतभेद होते, उघड होते, आणि त्यामुळे कुणाची श्रद्धा कुणी मोजत नव्हते. हा उघडेपणा आपण गमावला आहे. माझी तक्रार तेवढीच आहे, पण ती किरकोळ नाही.

कारण आज या विषयावर दोन भाषा चालतात. पुण्यात कॅथलिकांची आणि प्रोटेस्टंटांचीही मोठी धर्मविद्यालये, म्हणजे सेमिनऱ्या, आहेत. जुन्या कराराचा रीतसर अभ्यास जिथे होतो तिथे सृष्टीच्या दोन वेगळ्या कथा, त्यांमागच्या परंपरा, बाबेलच्या (बॅबिलोनच्या) मातीच्या विटांवरची महाकाव्ये, साहित्यप्रकारांचा विचार, हे सारे अभ्यासक्रमात येते. कुणाला ते पटते, कुणाला पटत नाही. पण ते ऐकलेलेच नाही असा शिकलेला पाळक विरळा. तोच विद्यार्थी दीक्षा घेऊन गावच्या मंडळीत येतो, पुलपिटावर उभा राहतो, आणि यांतले अवाक्षर काढत नाही. का, असे खासगीत विचारले की म्हणतो, 'लोकांना झेपणार नाही.' ज्या लोकांना कर्जाचे हप्ते, कोर्टाच्या तारखा आणि मुलांच्या प्रवेशपरीक्षा झेपतात, त्यांना उत्पत्तीचे दोन अध्याय झेपणार नाहीत, ही समजूत मला अपमानास्पद वाटते.

झेपतात की नाही ते बघूच. बायबल उघडा. पहिल्या अध्यायात आधी वनस्पती, मग जलचर आणि पक्षी, मग पशू, आणि सर्वांत शेवटी माणूस. नर आणि नारी एकाच वेळी, दोघेही देवाच्या प्रतिरूपाचे. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या ओवीपासून (वचनापासून) सूर बदलतो. इथे शेतात अजून झुडूपही उगवलेले नाही, कारण पाऊस नाही आणि मशागतीला माणूस नाही. देव मातीचा माणूस घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो, मग बाग लावतो, मग त्याला सोबत म्हणून पशुपक्षी करतो, आणि ते पुरे पडत नाही असे दिसल्यावर शेवटी स्त्री. पहिल्या कथेत देव नुसता बोलतो आणि होते. दुसऱ्या कथेत त्याचे हात मातीने भरतात. कथा ज्यांनी शेजारी-शेजारी ठेवल्या त्यांना हा क्रम दिसत नव्हता काय? दिसत होताच. त्यांनी दोन्ही ठेवल्या, कारण घटनांचा पंचनामा लिहायला ते बसलेच नव्हते.

जलप्रलयाची कथा तर आणखी बोलकी. सहाव्या अध्यायात प्रत्येक प्राण्याची एक जोडी तारवात घ्यायची आज्ञा आहे, सातव्यात शुद्ध पशूंच्या सात-सात. एके ठिकाणी पूर चाळीस दिवसांचा, तर दुसरीकडे पाणी दीडशे दिवस चढलेले. दोन सूत एकत्र वळावेत तशा दोन जुन्या कथा इथे वळल्या आहेत, आणि पीळ सोडवून पाहिला तर दोन्ही धागे बऱ्यापैकी अखंड निघतात.

याच कथेची तिसरी बहीण १८७२ साली लंडनमध्ये सापडली. जॉर्ज स्मिथ हा मूळचा नोटांचे ठसे कोरणारा कारागीर. जेवणाच्या सुट्टीत ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन तो कीलाक्षर लिपी शिकला. निनवेहून आलेल्या फुटक्या विटांमध्ये त्याला एक मजकूर लागला: नौका डोंगराला टेकलेली, कबुतर सोडलेले, त्याला बसायला जागा न मिळाल्याने ते परत आलेले. ३ डिसेंबर १८७२ रोजी त्याने तो वाचून दाखवला, तेव्हा श्रोत्यांत पंतप्रधान ग्लॅडस्टन बसले होते. एका वर्तमानपत्राने उरलेला भाग शोधायला हजार गिनी दिल्या आणि दुसऱ्याच वर्षी स्मिथ निनवेला जाऊन एक तुकडा घेऊनही आला. काही लोकांना आनंद झाला: बघा, बायबल खरे ठरले! काहींना धक्का बसला: म्हणजे बायबलने ही कथा उचलली? दोन्ही बाजूंना मुद्दा हुकला होता.

मुद्दा दोन कथा कुठे वेगळ्या होतात, हा आहे. बाबेलच्या एका जुन्या काव्यात माणसांच्या गोंगाटाने देवांचा राजा झोपू शकत नाही, म्हणून पूर येतो. उत्पत्तीत पृथ्वी जुलमाने भरली म्हणून येतो. तिकडे पूर ओसरल्यावर यज्ञाचा वास येताच उपाशी देव माश्यांसारखे गोळा होतात. इकडेही परमेश्वर होमाचा सुवास घेतो. म्हणजे जुन्या कथेची खूण मिटवलेली नाही. पण तो भुकेला नाही, आणि त्या वासानंतर तो जे बोलतो ते वचन आहे: पुन्हा असे करणार नाही. सृष्टीच्या कथेचेही तसेच. बाबेलच्या कथेत मर्दुक देव आदिसागराची देवी तियामत हिला मारतो, सुकवायला मासा चिरतात तसे तिचे दोन भाग करतो आणि एकाचे आकाश करतो. मग एका बंडखोर देवाच्या रक्तापासून माणूस घडवला जातो, तो देवांचे कष्ट उपसण्यासाठी. ज्या यहुदी लोकांचे यरुशलेम बाबेलने जाळले आणि ज्यांना कैद करून नेले, त्यांच्या कानांवर ही कथा पडत होती. उत्पत्तीचा पहिला अध्याय त्या बंदिवासाच्या आगेमागे आजच्या रूपाला आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आता तो त्या कानांनी ऐका. लढाई नाही, रक्त नाही. बाबेल ज्यांची पूजा करते ते सूर्य-चंद्र इथे चौथ्या दिवशी टांगलेले दोन दिवे, त्यांना नावेदेखील दिलेली नाहीत. देवाची प्रतिमा ही तिथल्या राजाची पदवी होती. ती इथे प्रत्येक माणसाला दिली आहे. आणि माणूस देवांचा वेठबिगार तर नाहीच, उलट सातव्या दिवशी विसावा आहे, आणि पुढे आज्ञेत तो दासाला, दासीला, बैलालाही आहे.

चौथ्या दिवसाचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला हे उत्तर देता येते. ते तिला झेपते, आवडते, आणि खरेही आहे.

आता मूळ अडचणीकडे येऊ. 'ही कथा इतरांच्या कथांमधून घडली' असे म्हटले की आपल्या लोकांना वाटते, मग देव बोलला कुठे? यामागे प्रकटीकरणाची एक ठरावीक कल्पना आहे: वरून आवाज येतो, खाली माणूस उतरवून घेतो, लेखणी त्याची आणि शब्द देवाचे. ही कल्पना खुद्द बायबललाच मान्य दिसत नाही. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्या चार ओव्यांत सांगतो की यापूर्वी पुष्कळांनी लिहिले, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आपल्यापर्यंत आले, आणि मी सर्व बारकाईने शोध करून क्रमाने लिहीत आहे. हे काही आकाशवाणी टिपून घेणाऱ्याचे बोलणे नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राची सुरुवात म्हणते की देव पूर्वी अंशाअंशांनी आणि नाना प्रकारांनी बोलला, आणि शेवटी पुत्राच्या द्वारे बोलला. ख्रिस्ती माणसासाठी देवाचा पूर्ण शब्द हा येशू आहे. पुस्तक त्याची साक्ष देते. देव माणूस होऊन, विशिष्ट गावात, विशिष्ट भाषा बोलत, भूक-तहान सोसत आला, हे आपण नाताळात गातो. तोच देव आपले म्हणणे मांडायला त्या काळच्या माणसांची भाषा, त्यांच्या कथा, त्यांचे आकाश वापरतो, हे मानायला मग जड का जावे?

सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विन याला जड गेले नाही. देव आपल्याशी बोलताना तान्ह्याशी बोबडे बोलणाऱ्या दाईसारखा बोलतो, असे तो म्हणे. १५५४च्या आपल्या उत्पत्तीभाष्यात त्याने एक उदाहरणच घेतले. खगोलशास्त्राने सिद्ध केले आहे की शनी चंद्रापेक्षा मोठा आहे, तरी मोशे चंद्राला मोठी ज्योती म्हणतो. कारण मोशे सामान्य माणसाच्या डोळ्यांना दिसते ते लिहितो. ज्याला खगोलशास्त्र शिकायचे आहे त्याने दुसरीकडे जावे. कॅल्विन स्वतः सहा दिवस शब्दशः मानत होता, हे खरे. पण बायबल कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे त्याने जे सांगितले ते त्याच्या नावाने चालणाऱ्या कित्येक मंडळ्यांना आजही ऐकवत नाही.

रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चनेही, सहज पत्करले असे नाही. इथे आमच्याकडचे बुद्धिवादी मित्र जे म्हणतात त्यात तथ्य आहे: विज्ञानाने कोंडीत पकडल्यावर तुम्हाला रूपके सुचली. ओरिगेनला कोणत्या विज्ञानाने कोंडीत पकडले होते, असे मी त्यांना विचारतो, पण त्यांचे म्हणणे अगदीच फेटाळता येत नाही. १९०९ साली रोमच्या बायबल आयोगाने पहिल्या तीन अध्यायांची ऐतिहासिकता राखण्यासाठी कडक निर्णय दिले. १९४३ साली पोप बाराव्या पायसने प्राचीन लेखकांचे साहित्यप्रकार ओळखूनच शास्त्र वाचा, असे सांगून दार उघडले. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने प्रकटीकरणावरचा दस्तऐवज मंजूर केला: बाजूने २३४४ मते, विरोधात ६. त्यात बायबलच्या मानवी लेखकांना 'खरे लेखक' म्हटले आहे आणि बायबल जे सत्य अचूक शिकवते ते आपल्या तारणासाठीचे सत्य, अशी चौकट घातली आहे. साठ वर्षे झाली. आमच्या किती धर्मग्रामांत हा दस्तऐवज मराठीत वाचून दाखवला गेला?

दरम्यान शब्दशः वाचणे हीच मूळ, निखळ श्रद्धा आहे असा समज पसरला. त्याचा इतिहास बराच अलीकडचा आहे. आर्चबिशप अशरने १६५० साली हिशेब करून सृष्टीची तारीख इसवी सनापूर्वी ४००४, २३ ऑक्टोबर अशी काढली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते आकडे इंग्रजी बायबलच्या समासात छापले जाऊ लागले, आणि समासातला आकडा वाचणाऱ्यांना शास्त्रवचनासारखा वाटू लागला. १९२५ साली टेनेसीतल्या डेटन गावी उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर खटला भरला गेला. धर्माच्या बाजूने उभा राहिलेला ब्रायन साक्षीदाराच्या खुर्चीत बसला, तेव्हा सृष्टीचे दिवस चोवीस तासांचेच असतील असे नाही, हे त्यानेही कबूल केले. (ब्रायनची खरी भीती वेगळी होती. डार्विनचे नाव घेऊन दुबळ्यांना तुडवणारे तत्त्वज्ञान शाळेत शिरेल, असे त्याला वाटे. पुढच्या वीस वर्षांत युरोपात जे झाले ते पाहता ती भीती हसण्यावारी नेता येत नाही.) कोवळी पृथ्वी, सहा हजार वर्षे आणि सगळे खडक एकाच पुराने घडले, हे मत आज ज्या जोरात ऐकू येते त्याची मुळे १९६१ साली एका धर्मपंडिताने आणि एका जलअभियंत्याने मिळून लिहिलेल्या अमेरिकन पुस्तकात आहेत. केंटकी राज्यात २०१६ पासून ५१० फूट लांबीचे लाकडी तारू तिकीट काढून बघता येते; त्यात पिंजऱ्यात डायनासोरही ठेवले आहेत. तिथून निघालेले व्हिडिओ मराठीत भाषांतरित होऊन आपल्या मोबाइलवर येतात, आणि अरारात पर्वतावर तारू सापडल्याचा मेसेज दर काही महिन्यांनी नव्याने सापडतो.

'आदाम कथा म्हणून सोडलात, तर उद्या पुनरुत्थानही कथाच म्हणाल', हा माझ्यासमोर येणारा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. त्याचे उत्तर बायबलच देते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल पुनरुत्थानाविषयी लिहिताना नावे देतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, मग याकोब, आणि त्या पाचशेंविषयी जोडतो की त्यांतले बहुतेक अजून जिवंत आहेत. म्हणजे जा, विचारा. कुणाला हे खोटे वाटेल, ते त्याने म्हणावे. पण हा दावा साक्षीचा आहे. एदेन बागेत साक्षीदार कोण होता? कथेत बोलणारा साप आहे, जीवनाचे झाड आहे, आणि कुठल्याही नकाशात एका उगमाशी न मिळणाऱ्या चार नद्या आहेत. लिहिणारा आपल्याला काय सांगतो आहे, हे त्याच्या लिहिण्याच्या ढंगावरून ओळखायचे असते. स्तोत्र आणि राजांची वंशावळ आपण एकाच सुरात वाचतो का?

पण हे वाचन फुकट मिळत नाही, हेही मान्य करायला हवे. रोमकरांस लिहिताना पौल एका माणसाच्या द्वारे आलेले पाप आणि एका माणसाच्या द्वारे आलेली कृपा समोरासमोर ठेवतो. १९५० साली बाराव्या पायसने शरीराच्या उत्क्रांतीचा अभ्यास मोकळा केला, पण मानवजात अनेक पूर्वजांपासून आली हे मत आदिपापाच्या, म्हणजे आदामाचे पाप साऱ्या मानवजातीकडे आले या, शिकवणीशी कसे जुळते ते दिसत नाही, असे बजावले. आजचे जनुकशास्त्र म्हणते की आपला वंश एका जोडप्यावरून नव्हे, हजारोंच्या समूहातून आला. इथे धर्मपंडितांची मते फुटलेली आहेत. मी ज्या बाजूला झुकतो ती अशी. तिसऱ्या अध्यायातला प्रसंग पाहा. देव विचारतो, खाल्लेस का? आदाम म्हणतो, जी स्त्री तू मला दिलीस तिने दिले. एका वाक्यात बायकोवर आणि देवावर दोघांवर ढकलून तो मोकळा. स्त्री म्हणते, सापाने फसवले. या प्रसंगाच्या खरेपणासाठी उत्खनन लागत नाही. कुठल्याही घरातले, कुठल्याही ऑफिसातले भांडण ऐकले तरी पुरते. पापात जन्मलेले आपण सारे एका कुळातले आहोत हे पौलाचे म्हणणे यातून उभे राहते, असे मला वाटते. ज्यांना तेवढे पुरत नाही त्यांच्याशी वाद घालायला मी तयार आहे. वादच होऊ नये, याला मात्र माझा विरोध आहे.

कारण वाद दडपल्याची किंमत जीवाश्मांना मोजावी लागत नाही, माणसांना लागते. नवव्या अध्यायात नोहा दारू पिऊन तंबूत उघडा पडतो, हाम ते पाहतो, आणि शुद्धीवर आल्यावर नोहा शाप देतो तो हामला नव्हे, त्याच्या मुलाला, कनानला. रंगाचा उल्लेख कुठेही नाही. तरी शतकानुशतके ही ओवी काळ्या माणसांच्या गुलामगिरीचा परवाना म्हणून वाचली गेली. मार्च १८६१ मध्ये अमेरिकेतून फुटलेल्या दक्षिणेच्या उपाध्यक्षाने सव्हाना शहरातल्या भाषणात गुलामगिरीच्या समर्थनात कनानच्या शापाचा उघड उल्लेख केला. शब्दाला शब्द मानतो म्हणणाऱ्यांनी शब्द तरी धड वाचले होते का? आणि पहिल्या अध्यायातली देवाची प्रतिमा नवव्यापर्यंत येता-येता कुठे गेली?

हव्वेचे हाल याहून लांबले. 'तो तुझ्यावर स्वामित्व चालवील' हे वाक्य बागेतल्या मोडतोडीच्या यादीत आहे, काटेकुसळांच्या आणि घामाच्या बरोबरीने. आमचा ख्रिस्ती शेतकरी तण खुरपतो, ट्रॅक्टर लावतो, तणनाशक फवारतो. देवाचा शाप मोडतो आहेस असे त्याला कुणी म्हणत नाही. पण नवऱ्याच्या स्वामित्वाची ओवी निघाली की ती एकदम देवाची कायमची आज्ञा होते, आणि मार खाऊन आलेल्या बाईला समजूत घालताना ऐकवली जाते. एडिनबराच्या जेम्स सिम्पसनने १८४७ साली बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला, तेव्हा 'क्लेशाने लेकरे प्रसवशील' या वचनाच्या आधारे येणाऱ्या आक्षेपांना त्याने छापील उत्तर दिले. त्यात काटेकुसळांचा मुद्दा आहेच. शिवाय हा डॉक्टर मोठा मिस्कील. फासळी काढण्यापूर्वी देवाने आदामाला गाढ झोप आणली, म्हणजे पहिली भूल देवानेच दिली, असे त्याने दाखवून दिले.

महाराष्ट्रात तर या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १८३१ साली मुंबईत मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू धर्माची बाजू मांडणारे मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद घालत होते. मेरू पर्वत कुठे, दुधाचा समुद्र कुठे, असे विचारत पृथ्वीचा गोल पुढे करणे हे त्या काळच्या मिशनरी शाळांचे आणि पत्रकांचे नेहमीचे हत्यार होते. आणि गंमत पाहा: त्याच १८३१ साली लंडनच्या भूगर्भशास्त्र सोसायटीचा अध्यक्ष, स्वतः दीक्षित धर्मगुरू असलेला ॲडम सेजविक, जगभरचे गाळाचे थर नोहाच्या पुराचे असल्याचे आपले मत जाहीरपणे मागे घेत होता. आपल्या कथा अर्थाने वाचायच्या आणि शेजाऱ्याच्या कथा फूटपट्टीने मोजायच्या, ही सवलत कुणालाच मिळू नये. हा हिशेब आमच्याकडून अजून पुरता चुकता झालेला नाही.

त्यापूर्वी दोनशे वर्षे गोव्यात एका इंग्रज जेजुइटाने वेगळे केले होते. साष्टीच्या लोकांची देवळे पाडली गेली होती, पोथ्यांवर बंदी होती. त्या जुलमात त्याचा धर्म सामील होता, हे विसरून चालणार नाही. पण फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ साली छापलेल्या ग्रंथात, ज्याला आपण क्रिस्तपुराण म्हणतो, उत्पत्तीपासूनची सारी कथा मराठी ओवीत सांगितली. पुराण ऐकत आलेल्या लोकांना पुराणाच्या ढंगाने. ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या कथारूपात देवाचे म्हणणे घालता येते, हे त्याने सिद्धान्त न मांडता करून दाखवले.

आणि पंडिता रमाबाई. १८८५च्या सुमारास इंग्लंडात असताना त्यांना चर्चच्या शिकवणीपुढे मान तुकवायला सांगितले गेले, तेव्हा त्यांनी तिथल्या अँग्लिकन जोगीण सिस्टर जेराल्डिनना कळवले की भारतातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता तसलेच दुसरे जोखड मानेवर घेण्याची माझी इच्छा नाही. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवले. ज्या समाजात ही बाई होऊन गेली, तिथे 'लोकांना झेपणार नाही' हे वाक्य पाळकांच्या तोंडी शोभत नाही.

मागणी साधी आहे. दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींपुढे उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय शेजारी-शेजारी ठेवा. बाबेलच्या पुराच्या कथेचे एक पान मराठीत द्या, ऑगस्टीनच्या इशाऱ्याचे एक पान द्या, बेसिलचेही द्या. मग पाळकांनी किंवा फादरांनी आपले स्वतःचे मत सांगावे, ते कोणतेही असो, आणि प्रश्न येऊ द्यावेत. मुलांची श्रद्धा डळमळेल, असे पालक म्हणतील. काहींची डळमळेलही. ती अकरावीच्या जीवशास्त्राच्या तासाला नाहीतरी डळमळणारच आहे, आणि तिथे मुलगी ज्यांना विचारू शकेल असे पाळक शेजारच्या बाकावर बसलेले नसतात.